रुमालाखालचे अकरा खांब

कंपनीला जागा मिळवून देणाऱ्या साहेबाने मला फसवलं, आणि माझ्या तोंडाने माझ्या थोरल्या बहिणीला. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या भागात ही गोष्ट उलटी सांगतात. मी साहेबाशी संधान बांधलं आणि सख्ख्या बहिणीचं वावर कंपनीच्या घशात घातलं, असं म्हणतात. चाकणच्या बाजारात अजूनही एखादा नवा व्यापारी माझ्याशी सौदा करताना हसून म्हणतो, "भाई, रुमाल नको बरं का. उघड्यावर बोला." त्याला वाटतं, मोठा विनोद केला. यातल्या दोघांच्या कानाखाली मी आवाज काढलेला आहे. तिसऱ्याच्या वेळी वय आडवं आलं.

माझा धंदा बैलांचा. आमचं घर मुलाण्याचं, गावात पिढ्यान्‌पिढ्या असलेलं, पण जमीन म्हणाल तर नावापुरती. बाप लवकर गेला. मला वाढवलं ते आपाने, त्याच थोरल्या बहिणीने. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचं लग्न इंद्रायणीच्या अलीकडच्या एका गावात झालं. गाव रस्त्याला, आणि तिची वस्ती गावापासून ओढ्यापलीकडे, पंधरा-वीस घरांची. दाजी सरळ माणूस. दिवसभरात दहा शब्द बोलला तर त्यातले आठ बैलांशी.

धंद्यात मला कुणी बोट धरून आणलं नाही. दुसऱ्यांचे बैल धुतले, शिंगं साळली, उन्हात दावी धरून उभा राहिलो. बैलाचं तोंड उघडून वय सांगायला शिकलो. चालताना कुठला पाय चोरतो, कुठल्या खांद्याला जू लागलेलं आहे, हे मालकाच्या आधी मला कळायचं. मग दलाली करायला लागलो, मग स्वतःच्या जोड्या घ्यायला लागलो. तिशीच्या आत चाकणच्या शनिवारच्या बाजारात माझ्या नावावर सौदे व्हायचे. राग तेव्हाही नाकावर होता, पण माझा शब्द पक्का होता, म्हणून लोक राग सहन करायचे.

आता रुमालाचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे.

बैलांच्या बाजारात मोठा सौदा तोंडाने होत नाही. देणारा आणि घेणारा हातात हात घेतात, वर रुमाल नाहीतर उपरणं टाकतात, आणि बोटं दाबून बोलतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पंजा म्हणजे पाच. तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा चालू ठेवायच्या आणि खाली बोटांनी भांडायचं. समोरच्याला मान्य झालं की तो तोच आकडा उलट दाबून देतो. मग रुमाल काढायचा, बैलाच्या पाठीवर गुलाल टाकायचा, संपलं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला आकडा कळत नाही, आणि त्याने विचारायचाही नसतो. जे रुमालाखाली झालं ते दोघांतच राहतं, आणि ते फिरत नाही. बाजारात दारू पिऊन पडणारी माणसं मी पाहिली, आंधळा बैल डोळस म्हणून विकणारी पाहिली, पण रुमालाखाली दिलेला आकडा फिरवणारा एकच माणूस पाहिला, आणि तो बाजारातला नव्हता.

पिंपरी आणि भोसरीकडे कारखाने उठत होते ते दिवस. आमच्याकडून तरणी माणसं सायकलवर टांग टाकून शिफ्टला जायला लागली होती. त्या कारखान्यांना वीज लागणार, म्हणून एक कंपनी लांबून मोठ्या तारा आणत होती. डोंगरासारखे लोखंडी टॉवर, आणि त्यांवरून तारा. सरळ आणल्या असत्या तर आमचा संबंध आला नसता. पण पुढे दिघीकडची जमीन मिलिटरीची. तिथून जाता येईना, म्हणून नदीच्या अलीकडेच लाइन वळवायची ठरली. आणि लाइन जिथे वळते तिथला टॉवर जास्त रुंद लागतो, कारण तारांची सगळी ओढ एकीकडून येते. तो वळणाचा टॉवर बरोबर माझ्या आपाच्या वावरात येत होता.

कंपनीची माणसं दुर्बीण लावून खुंट्या ठोकून गेली. वस्तीने दुसऱ्या दिवशी सगळ्या खुंट्या उपटल्या. पुन्हा ठोकल्या, पुन्हा उपटल्या. तिसऱ्या वेळी एका म्हातारीने खुंट्या चुलीत घातल्या आणि कंपनीच्या माणसाला त्यावरचा चहा पाजला. कायद्याने कंपनी पोलीस आणून काम करू शकत होती. पण वरून हुकूम असा, की गावाच्या मर्जीने करा, गावासाठी काहीतरी करा, भांडण नको. त्यासाठी एक साहेब नेमलेला होता. पुण्याचा, गोरा, पांढरा बुशशर्ट, आवाज कधी चढायचा नाही. शाळेला फळा दिला, पाट्या वाटल्या, पोरांना पेढे दिले. पेढे खाऊन पोरांनीच खुंट्या उपटल्या.

मग कुणीतरी त्याला माझं नाव सांगितलं. एका शनिवारी तो बाजारात, शेणातून बूट सांभाळत, माझ्यापर्यंत आला.

"बैलांचे ते व्यापारी तुम्हीच का?"

"बाजारात सगळेच बैलांचे व्यापारी आहेत, साहेब. तुम्हाला कोण पाहिजे?"

"ज्यांचं वस्तीवर ऐकतात ते."

"वस्तीवर माझं कुणी ऐकत नाही. माझ्या बहिणीचं ऐकतात. मी तिचं ऐकतो."

ज्या वावरात टॉवर यायचा ते तिचंच, हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्याचा चेहरा एकदम उजळला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. गिऱ्हाइकाचा चेहरा इतका उजळला की व्यापाऱ्याने दोन पावलं मागे जायचं असतं.

मी विचारलं, "ही वीज चालली कुठं?"

"भोसरीला. कारखान्यांना."

"आणि ज्यांच्या डोक्यावरून चालली त्यांना?"

"ती फार मोठ्या दाबाची असते हो. घरात घेता येत नाही."

"मग लहान दाबाची द्या."

तो हसला. मी हसलो नाही.

आपाला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. तिला पिठाची गिरणी हवी होती. वस्तीवरच्या बायका दळण डोक्यावर घेऊन ओढा ओलांडून गावात जायच्या. पावसाळ्यात ओढा चढला की तीन-तीन दिवस वाट बंद. मग जात्यावर बसायचं, नाहीतर भिजवलेले हरभरे खाऊन राहायचं. एकदा आपाच्या जावेचा पाय ओढ्यात घसरला, दळण वाहून गेलं आणि तिचा खुबा कायमचा अधू झाला. तेव्हापासून आपाने डोक्यात घेतलं होतं, वस्तीवर गिरणी टाकायची. आपली गिरणी. त्यासाठी वीज हवी. गावात वीज आली होती, पण रस्त्याच्या कडेच्या शेवटच्या खांबाशी संपली होती.

साहेबाला भेटल्यावर मी गावातल्या एका लाइनमनला बरोबर घेतलं आणि त्या शेवटच्या खांबापासून आपाच्या दारापर्यंत चालत गेलो. तो पावलं मोजत होता, मी खांब मोजत होतो. चौथा खांब शाळेपाशी. मग ओढा. मग बांधाबांधाने वर. अकरावा खांब आपाच्या दारात. अकरा. एक कमी पडला तरी गिरणी फिरणार नव्हती.

आपाला सांगितलं. ती म्हणाली, "मला भरपाई जास्त नगं, काय नगं. मोटार फिरंल एवढी लाइट दे म्हनावं. मग टावर उभा कर न्हाईतर दोन कर."

दाजी म्हणाला, "वावराच्या मधोमध हाय."

"मधोमध हाय तर हाय. त्याच्या पायात भोपळ्याचा येल चढवीन."

पुढच्या शनिवारी साहेब पुन्हा आला. बरोबर एक फोटोवाला. कंपनीला आपल्या कामाचं पुस्तक छापायचं होतं म्हणे. मी साहेबाला जनावरांच्या गर्दीतून बाजूला घेतलं आणि रुमालाची रीत समजावून सांगितली. नीट, एकेक बोट धरून. त्याने दोनदा करून पाहिली. मी तीन दाबले, त्याने तोंडाने तीन म्हटलं. मी सात दाबले, त्याने सात म्हटलं. शाळेतल्या पोरासारखा खूश झाला होता. मी बजावलं, "साहेब, ही गंमत नाही. इथं दिलेलं परत घेता येत नाही. मान्य नसेल तर हात सोडा, मला राग येणार नाही." हे शब्द मी त्याला बोललो. बाजूला बांधलेला खिलार बैल सोडला तर ऐकायला कुणी नव्हतं.

मग उघड्यावर, चार लोकांत, मी त्याच्या हातावर माझा रुमाल टाकला. पंजा दाबला. पुन्हा पंजा दाबला. मग एक बोट. अकरा खांब, आपाच्या दारापर्यंत. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या मऊ हाताने माझा पंजा दाबला, पुन्हा दाबला, आणि एक बोट. मी ते बोट अजून विसरलो नाही. फोटोवाल्याने फोटो काढला. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. साहेब बैल विकत घेतोय, असं एकजण ओरडला.

मी कागद का घेतला नाही, असं मला शंभर जणांनी विचारलंय. ज्यांनी विचारलं त्यांतला एकही बैलांच्या बाजारात वाढलेला नाही. रुमालाखाली सौदा झाल्यावर कागद मागणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. माझ्या बाजूने मी कुणाकडे कधी मागितला नव्हता. या माणसाकडेही मागावा असं मला सुचलंसुद्धा नाही. तो बाजारात आला होता, त्याने रुमालाखाली हात घातला होता. म्हणजे तो बाजारातला झाला, असं मी धरलं.

आपाने कंपनीच्या कागदावर अंगठा उठवला. वस्ती कुरकुरत होती. तिने एवढंच सांगितलं, "भाई म्हनतो म्हंजे झालं." खुंट्या ठोकल्या गेल्या आणि राहिल्या.

चार दिवसांनी साहेबाचं बोलावणं आलं. टॉवरचं लोखंड, सिमेंट, खडी रस्त्यापासून वावरापर्यंत न्यायला ट्रक चालत नव्हते. बैलगाड्या लागणार होत्या. माझ्या गाड्या होत्या, माणसं होती. मी काम घेतलं. ऑफिसातल्या कारकुनाने सांगितलं, लेखी ऑर्डर असल्याशिवाय इथून काही निघत नाही. मग लेखी ऑर्डर घेतली. शिक्का मारून घेतला. घडी करून आतल्या खिशात ठेवली. हे मी लपवत नाही. काम माझ्या गाड्यांनी चोख केलं, एक गोणी कमी नाही.

खड्डे खणले, पाय उभे राहिले. परमुलखातली माणसं कमरेला दोर बांधून वर चढायची, आणि वस्तीची पोरं खाली मान मोडेस्तोवर बघत बसायची. टॉवर रोज वाढत होता, आणि इकडे आपाने गिरणीची खोली बांधायला घेतली. भिंती तिने स्वतः लिंपल्या. चिंचवडला एक गिरणी बंद पडली होती, तिथून मी तिला जुनी चक्की मिळवून दिली, माझ्याच गाडीतून आणली. गुळगुळीत झालेल्या दगडांना टाकीचे घाव घालून घेतले. मोटार बसवली, पट्टा चढवला. आपा पट्ट्यावर हात ठेवून हाताने चाक फिरवायची आणि वस्तीवरच्या बायकांना दाखवायची. "आता फकस्त तार यायची हाय." बायका नंबर लावून गेल्या. पहिलं दळण कुणाचं, यावरून दोघींत अबोला झाला.

तारा ओढल्या गेल्या. वीज सुरू झाली. वरून घूं असा आवाज यायला लागला, सकाळी दव असलं की जास्त. मग खांब आले. चार.

चौथा शाळेपाशी. तिथे मांडव घातला, नारळ फोडला. शाळेत दोन दिवे आणि एक पंखा लागला. साहेबाने भाषण केलं. गावाने देशाच्या प्रगतीत वाटा उचलला, वगैरे. मी मांडवात त्याच्या समोर बसलो होतो. भाषण संपल्यावर मी दोन्ही हात वर केले आणि सात बोटं दाखवली. त्याने हसून मान हलवली. म्हणाला, "पुढच्या टप्प्यात."

दोन महिन्यांनी त्याची बदली झाली.

मी कंपनीच्या ऑफिसात गेलो. नव्या साहेबाने मला बसवलं, पाणी दिलं, आणि समजावलं. "आमचं काम वीज एका गावाहून दुसऱ्या गावाला नेणं. घरोघर वाटणं दुसऱ्यांचं. शाळेचे चार खांब आम्ही त्यांना विनंती करून, सद्भावना म्हणून घालून घेतले. पुढचे सात आमच्या हातातच नाहीत."

"मग अकरा देतो म्हणून हात का दिला?"

"कुणी दिला?"

"तुमच्या साहेबाने."

"कुठे लिहिलंय?"

मी रुमालाचं सांगितलं. शेजारच्या टेबलावरचा कारकून उठला, कपाटातून एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. "यात तुमचा फोटो आलाय बघा." खरंच आला होता. मी, साहेब, मधे रुमाल, मागे बैलांच्या पाठीचे कणे. खाली छापलं होतं, ग्रामस्थांशी त्यांच्याच पद्धतीने झालेली सहमती.

मी म्हणालो, "हा घ्या पुरावा. तुमच्याच पुस्तकात."

कारकून फोटोकडे वाकून बघत म्हणाला, "फोटो झकास आहे. पण रुमालाखालचं काही दिसत नाही हो."

पुस्तक मी त्याच्या अंगावर फेकलं. पाण्याचा ग्लासही फेकला असावा, कारण नंतर चौकीदार म्हणाला तसं. दोघांनी धरून मला बाहेर काढलं. ते करायला नको होतं. त्यानंतर त्या ऑफिसात मला आत घेतलं नाही, आणि मी मागितलेलं काहीही वेड्या माणसाचं मागणं ठरलं.

आपाला काय सांगायचं? मी सगळं सांगितलं. ती गिरणीच्या खोलीत उभी होती, पट्ट्यावर धूळ बसू नये म्हणून जुनी साडी टाकलेली होती ती झटकत होती.

तिने विचारलं, "त्यानं किती दाबली व्हती, भाई? खरं सांग."

"अकरा. कितीदा सांगू?"

"वस्तीवर म्हनत्यात, चारच दाबली व्हती. बाकीची सात तू गाड्यांवर सोडली."

"कोण म्हणतं? नाव सांग. आत्ता जाऊन..."

"नाव सांगून काय करशील? समद्यांस्नी मारशील?"

मी गाड्यांचं समजावलं. ते चार दिवसांनंतर झालं, उघड्यावर झालं, तोंडाने बोलून झालं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. कागद आहे, म्हणालो. आतल्या खिशातून काढून दाखवलासुद्धा. तिला वाचता येत नव्हतं. तिने शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुझ्यासाठी घेतलास त्याला शिक्का हाय. आमच्यासाठी घेतलंस ते रुमालाखाली. असं का रे?"

मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. दाजी बैल सोडून धावत आला. वस्ती जमली. मी तिला नको ते बोललो, मी तिच्या हातचं खाऊन वाढलो हे विसरून बोललो. तिने चक्कीवर साडी पुन्हा नीट पांघरली आणि घरात गेली.

तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, असं नाही. उत्तर आहे. कारकुनाने मागितला म्हणून कागद झाला, मी मागितला नव्हता. आणि रुमाल माझ्या दृष्टीने कागदापेक्षा मोठा होता, म्हणून तिच्यासाठी मी मोठी वस्तू वापरली. हे खरं आहे. पण हे वाक्य मी मनात कितीही वेळा बोललो तरी तिच्यासमोर बोलायला गेलो की अर्ध्यावर अडकतं. कारण ती पुढे विचारणार, मग तो मोठा होता तर तिथं कारकुनाला का नाही सांगितलंस, मला रुमाल पुरतो म्हणून?

वर्षं गेली. चक्की तशीच. पहिल्या वर्षी वस्तीवरच्या बायका चौकशी करायच्या, मग टोमणे मारायच्या, मग विसरल्या. पावसाळ्यात ओढा चढला की दळणाला गेलेल्या बायका गावाच्या बाजूला अडकून पडायच्या, आणि वर तारा घूं करत भोसरीला जायच्या. पट्ट्याला उंदरांनी खाल्लं. दाजी गेला तेव्हा मी खांदा दिला. आपाने मला बसायला सांगितलं, जेवायला वाढलं, पण माझ्याशी बोलली ती परक्याशी बोलावं तसं. तुम्ही म्हणाली. मला, तिच्या भावाला, तुम्ही.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास वस्तीवर वीज आली. कंपनीने नाही, सरकारी योजनेतून, आपोआप, कुणी कुणाचा हात न धरता. तोवर आपाच्या चक्कीचे दगड तडकलेले होते. वस्तीवरच्याच एका सहा फुटी पैलवानाने, भोसरीला कारखान्यात कामाला असलेल्याने, आठवड्याभरात नवी गिरणी टाकली. मी ऐकलं तसा चिंचवडहून नवी मोटार आणि नवे दगड घेऊन आपाच्या दारात गेलो. तिने गाडीतून उतरवूसुद्धा दिलं नाही.

"आता कशाला? दळण तिकडं व्हतंय की."

"मी दिलेला शब्द पुरा करतोय, आपा."

"शब्द तुमी दिलेला न्हवता. त्यानं दिलेला. त्यानं दिलेला व्हता का न्हाई, तेवढंच मला कळाया पायजे व्हतं."

मोटार परत नेली.

मग मी त्या साहेबाला शोधलं. निवृत्त होऊन पिंपरीत, संत तुकाराम नगरात राहत होता. दारात तुळस, आत टेबलावर स्वच्छ कापड. केस पांढरे झालेले, हात तसाच मऊ. ओळखलं त्याने मला, लगेच. बायकोला सांगितलं, "हे ते बैलवाले, फोटोतले." तिने चहा आणला. तो फोटो त्याने भिंतीवर लावलेला होता, चौकट करून. मला वाटलं, हा माणूस हे विसरलेला नाही, बरं झालं.

मी म्हणालो, "साहेब, अकरा की चार?"

तो म्हणाला, "इतक्या वर्षांनी आकडा कसा आठवेल हो?"

"आठवा. पंजा, पंजा, एक बोट."

तो त्या चौकटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हात दिला. लोकांची रीत होती, मोडवेना. खांब देणं माझ्या अखत्यारीत तेव्हाही नव्हतं."

"म्हणजे तुम्ही अकरा दाबले."

"मी असं म्हटलं नाही." आणि मग, चहाचा कप माझ्याकडे सरकवत, "शिवाय तुम्हाला गाड्यांचं काम दिलं होतंच की. लेखी."

मी त्याच्यावर हात उचलला नाही. त्याच्या घरात, त्याच्या बायकोसमोर, त्याचा चहा पिऊन. मी फक्त एवढं म्हणालो, की माझ्याबरोबर वस्तीवर चला, बैलगाडीने नाही, मोटारीने नेतो. माझ्या बहिणीसमोर जे खरं असेल ते सांगा. चार म्हणा, अकरा म्हणा, आठवत नाही म्हणा. पण तिच्या समोर म्हणा. तो म्हणाला, गुडघे दुखतात, आणि झालं गेलं आता उकरून काय मिळणार.

साहेब, मला काय मिळणार ते मी आता इथे सांगतो. माझं जाऊ द्या. मी बाजारात हसू घेईन, कानाखाली वाजवीन, मरून जाईन. पण वावराच्या मधोमध तुमच्या टॉवरचे चार पाय आहेत आणि त्यांच्या सावलीत एक बाई राहते. तुमच्या हाताने काय दाबलं हे तिला अजून माहीत नाही, आणि ते न कळल्यामुळे तिने आपल्या भावाला परकं केलंय. साहेब, तुम्हाला ते ठाऊक आहे. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही, कारण आमची रीतच तशी, आणि त्या रीतीआड तुम्ही इतकी वर्षं लपलात. गुडघे दुखत असतील तर मी तुम्हाला पाठीवर घेऊन ओढा ओलांडीन. तिच्या दारात उभे राहा आणि तिला सांगा, तुम्ही अकरा दाबले होते की नाही?